मानकऱ्याचं पॅलिओ

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही. आमच्या ह्यांना निवृत्त झाल्यावर आदिमानव व्हायचे डोहाळे लागले.

कृष्णनाथ म्हणजे माझे यजमान. पेडण्याच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली आणि त्या खुर्चीनं दिलेलं पोट घेऊन कोरगावात घरी येऊन बसले. डॉक्टर म्हणाले, साखर वाढतेय, वजन उतरवा, रोज चाला. आता चालायला कोरगावात रस्ते काय कमी आहेत? आमच्या काजूच्या बागेत एक चढ चढला तरी माणसाला घाम फुटतो. पण फुकटात मिळतं ते गुणकारी कसं असेल! त्याच सुमारास पेडण्याच्या बाजारात एका माडीवर जिम निघाली. ती चालवतो तुषार, म्हापशाचा मुलगा, वयानं आमच्या मुलाएवढा, साईशएवढा, पण हे त्याला ‘सर’ म्हणतात. मग रोजचा क्रम असा, की हे भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जिमला जाणार, तिथे पट्ट्यावर जागच्या जागी चालणार आणि परत मोटारसायकलवर बसून घरी येणार. एक दिवस मी म्हटलं, “मोटारसायकलवाल्याला पट्ट्यावर चढवा आणि तुम्ही चालत या.”

पण खरी साडेसाती पुढे होती. एका सकाळी मी पेज वाढली, तर ताट बाजूला सारून म्हणतात कसे, “सत्यवती, आजपासून माका पेज नको. मी पॅलिओ.”

मला वाटलं, कसली तरी नवी गोळी असेल. मग मला समोर बसवून समजावलं. पॅलिओ म्हणजे आदिमानवाचं जेवण. शेतीचा शोध लागायच्या आधी माणूस गुहेत राहायचा तेव्हा जे खायचा तेवढंच खायचं. मासे, मटण, अंडी, भाजी, फळं, कंद. भात नको, पाव नको, डाळ नको, दूध नको, साखर नको. धान्य आलं आणि माणूस बिघडला, असं तुषार सर म्हणतो.

“आणि आदिमानव किती वर्षं जगायचा, ते विचारलंत सराला?” मी म्हटलं.

“तू मध्ये बोलू नको गो.”

झालं! त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराची गुहा झाली. सकाळी सकाळी ह्यांना तळलेले बांगडे. पाववाला पदेर सायकलचा भोंपू वाजवत दारात आला की हे त्याला हात करून पुढे घालवणार, जणू वसुलीला आलाय. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. तो पिताना चेहरा असा, की पाहणाऱ्याला दया यावी. काजू मात्र आदिमानवाला चालतात म्हणे! मग काय, पाहुण्यांसाठी ठेवलेले गर मूठ मूठ करून संपवले. गुहेत फ्रीज नव्हता, पण आमचा आदिमानव दिवसातून चारदा फ्रीज उघडून आत बघत उभा राहायचा.

श्रावण आला तेव्हा खरी गंमत झाली. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही. आता भात नाही, डाळ नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मग उरलं काय? नारळाचं खोबरं आणि काकडी. महिनाभर हा मनुष्य बकरीसारखा चरत होता. एकदा बसमध्ये घेरी येऊन एका बाईच्या भाजीच्या पिशवीवर पडले. तरी हट्ट सोडला नाही. आणि खरं तेच सांगते, वजन उतरलं. पोट आत गेलं, साखर खाली आली. डॉक्टरही खूश झाले. मीही देवासमोर दिवा लावला. पण गुण आला तेवढ्यावर माणसानं थांबावं की नाही? तुषारनं ह्यांच्या डोक्यात नवं भूत घातलं. म्हणाला, काका, दिवाळीपर्यंत धान्याचा एक दाणा पोटात गेला नाही तर तुमचा आधीचा आणि नंतरचा फोटो मी जिमच्या फलकावर लावतो. पेडण्याच्या भर बाजारात! कचेरीत जन्मभर ज्याला कोणी मान वर करून बघितलं नाही, त्याला फलकावर चढायची हाव सुटली.

मी कॅलेंडर उघडलं ते ह्या ‘एक दाणा’ शब्दानं. कारण दिवाळीच्या आधी येते नव्याची पुनव.

आमच्या वाड्यावरच्या देवळात त्या दिवशी नव्या भाताची पहिली कणसं येतात. त्या तांदळाचा भात शिजतो, देवीला नैवेद्य होतो आणि मग गुरव फणसाच्या पानावर त्यातला एक घास घेऊन उभा राहतो. तो पहिला घास खायचा मान आमच्या घराण्याचा. आमच्या घरच्या कर्त्या पुरुषानं तो खाल्ल्याशिवाय वाड्यावर कोणाच्या घरात नवा तांदूळ शिजत नाही. घराण्याचं दुसरं काही उरलेलं नाही. शेतं कुळांकडे गेली, माड विकले. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा माझे वडील सगळ्या सोयऱ्यांना ताठ मानेनं सांगत होते, “मुलीक पहिल्या घासाच्या घरात दिलंय.” ह्या घरात मी काय पाहिलं नाही? पण वर्षातून एकदा, देवळात बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहताना माझं सगळं दुखणं पळायचं. साईश वास्कोला बंदरावर कामाला आहे. चतुर्थीला रजा मिळाली नाही तरी चालेल, पण पुनवेला तो बस पकडून येतोच. बापाच्या मागे उभा राहतो, कारण उद्या तो घास त्याचा.

आणि ह्या घासावर डोळा ठेवून बसलाय गोकुळदास. ह्यांचा चुलतभाऊ. त्याच्या बापाचं म्हणणं होतं की थोरली पाती, म्हणजे घराण्याची थोरली शाखा, त्यांची, म्हणून मानही त्यांचा. दोन पिढ्या भांडण झालं, गावानं निवाडा आमच्या बाजूनं दिला. तेव्हापासून गोकुळदास आमच्याशी इतका गोड बोलतो की मला अंगावर काटा येतो.

मी ह्यांना चांगल्या शब्दांत सांगितलं. “अहो, एक घास. लिंबाएवढा. देवीचा प्रसाद. त्यानं काय पोट सुटणार आहे?”

“दाणा म्हणजे दाणा,” हे म्हणाले. “सराक शब्द दिलाय.”

“आणि देवीला?”

“देवी समजून घेता. सर नाय घेत.”

मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात ओसरीवर गोकुळदास हजर. कोणी बोलावलं होतं देव जाणे. सगळं ऐकून घेतलं आणि साखरेच्या पाकात बुडवल्यासारखा बोलला, “दादा, वैनी म्हणता ता बरोबर. मान चुकता कामा नये. पण तुझी तब्येतपण महत्त्वाची. मगे असा कर, देवीकच विचार. कौल लाव. भाताच्या जागेर उकडलेला कणंग खाल्ला तर चलात काय म्हणून. कणंगपण जमिनीतलाच, देवीनच दिल्लो.”

कणंग म्हणजे रताळं. आदिमानवाला ते चालतं. आमच्या ह्यांचा चेहरा असा फुलला, की मोठा शोध लागला!

“भावजी, तुम्ही ह्यात पडू नका,” मी सरळ सांगितलं. “न विचारलेल्या गोष्टीला देवी कधी हरकत घेत नाही. उगाच विचारायला कशाला जायचं?”

“तुका काय कळता?” आमचे हे माझ्यावर खेकसले. “गोकुळदास माझ्या बऱ्यासाठी सांगता.”

वा! ज्याच्या बापानं ह्यांच्या बापाला देवळाच्या पायरीवर शिव्या घातल्या, तो बऱ्यासाठी सांगतो, आणि पस्तीस वर्षं ह्यांची पेज शिजवणारी बायको वैरीण. रात्रंदिवस घशात भात उतरला नाही की डोक्यातही काही उतरत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

पुनव उजाडली. देवळात सगळा वाडा जमला. साईश सकाळच्या बसनं आलेला, नवा सदरा घालून बापाच्या मागे उभा. तुषार मोबाईल घेऊन खांबाला टेकून चित्रण करत होता, ह्यांनीच बोलावलेला. आमच्या ह्यांच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात उकडलेलं कणंग. मी बायकांत पुढे उभी होते आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दत्ताराम गुरवानं देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याला गावानं होकार भरायचा ही रीतच, पण असलं गाऱ्हाणं देवीनंही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

“गे माये देवी, म्हाराजा! आज नव्याच्या पुनवेक तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यो तुझो मानकरी कृष्णनाथ, ह्येका डाक्टरान वजन उतरव म्हणून सांगितल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“म्हणून ह्यो आदिमानवाचा जेवाण जेवता. ह्येका भात नको, डाळ नको, पाव नको, साखर नको...”

“व्हय म्हाराजा!” मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. लक्ष्मीनं, माझ्या शेजारणीनं, पदर तोंडात कोंबला.

“तर ह्येका भाताच्या घासातसून मोकळो कर, आणि त्या जागेर ह्येचो कणंग मान्य करून घे!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज गोकुळदासाचा.

मी डोळे मिटून मनात म्हटलं, देवी, डावी पाड. आयुष्यात एवढं कळवळून मी मुलाच्या परीक्षेच्या वेळीही मागितलं नव्हतं. डोळे उघडले तर उजवी पाकळी पायाशी पडलेली. ह्यांनी विजयानं मागे वळून तुषारकडे बघितलं, डबा उघडला आणि कणंगाचा तुकडा तोंडात टाकला. तुषारनं अंगठा वर केला.

गुरव अजून तसाच उभा होता. हातात फणसाचं पान, पानावर वाफाळलेला घास.

“मगे ह्यो घास कोणाचो?” त्यानं विचारलं.

आमचे हे चावता चावता थांबले. “कोणाचो म्हणजे? झाला ना. मी कणंग खाल्लंय.”

“कणंग तू खाल्लंस, ता देवीन मान्य केल्यान. पण वाड्यावर चुली खोळंबल्यात. भात कोणीतरी खावक होयो. तुका देवीन मोकळो केल्यान.”

“मी खातो,” म्हणून साईश पुढे झाला. त्यानं ओंजळही पुढे केली. दत्तारामनं पान हळूच मागे घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. “बाबा, मानकरी जितो असताना त्येनाच घराच्या वतीन मोकळीक मागल्यान. घर मोकळा झाला. आता पुढची पाती.”

“परत कौल लावा!” मी ओरडले. देवळात बाईमाणसानं असं ओरडू नये, पण ओरडले. “पुन्हा विचारा देवीला!”

“वैनी, देवीन एकदा दिल्लो कौल परत मागूक नसता,” गोकुळदास मऊ आवाजात म्हणाला, आणि तो आधीच गुरवासमोर पोचला होता. धुतलेलं धोतर नेसून आला होता मेला! दरवर्षी पँट घालून येणारा माणूस. वाकला, पान दोन्ही हातांनी धरलं, घास खाल्ला, आणि शेवटचं शीत बोटानं पुसून तोंडात घातलं. घंटा वाजली. बायका एकेक करून घराकडे निघाल्या, चुली पेटवायला. जाताना गोकुळदासाची बायको माझ्या पुढून गेली. पुढून.

साईश चपला घालून बसथांब्याकडे चालू लागला. मी हाक मारली, त्यानं मागे वळून बघितलं नाही.

आमचे हे देवळाच्या पायरीवर बसून राहिले, रिकामा डबा मांडीवर. तुषार मोबाईल खिशात घालत जवळ आला. बिचाऱ्याला काय झालं ते अर्धंही कळलं नव्हतं. म्हणाला, “काका, एवढं सगळं कशाला केलंत? सणाचा एक घास चालतो की. त्याला चीट डे म्हणतात. मला विचारायचं तरी होतं.”

देव देतो नि कर्म नेतं! देवीला विचारलं, गावाला विचारलं, चुलतभावाला विचारलं. ज्याला विचारायचं त्याला विचारलं नाही, आणि जी न विचारता सांगत होती तिचं ऐकलं नाही. मला त्या पायरीवरच मोठमोठ्यानं हसू आलं, आणि मग रडू आलं.

घरी आलो. वाड्यावर सगळीकडे नव्या तांदळाचा वास सुटला होता. मीही चूल पेटवली, भात घातला, वर बांगड्याचं कालवण, आमचं हुमण, केलं. माझं एकटीचं पान वाढून घेतलं. आतून हे आले, पाटावर बसले, आणि खाली मान घालून म्हणाले, “सत्यवती, माकाय वाढ. भूक लागली. भात वाढ.”

मी भाताची मूद वाढली, हुमण घातलं आणि ताट ह्यांच्यापुढे सरकवलं.

“जेवा,” मी म्हटलं. “गोकुळदासानं खाल्लाय. आता तुम्हाला चालतो.”