निम्म्या वाटेवरची भेट

पासपोर्ट हातातून सोडायचा नसतो, हे आयर्लंडमधल्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. विद्यालाही ते चांगलं ठाऊक होतं. तरी तिने सोडला. शहाण्या माणसांनी केलेला मूर्खपणा असा असतो, की मागाहून कुणाला दोषही देता येत नाही.

विद्या स्लायगोला होती. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. आली होती एका वर्षासाठी, त्याला आता अडीच वर्षं होत आली होती. नवरा प्रताप पुण्यात, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. त्याला ती नोकरी सोडवत नव्हती आणि हिला ही. भांडण म्हणाल तर नव्हतं. दोघंही एकमेकांना "तू ठरव" म्हणायचे, आणि ठरवत कुणीच नव्हतं.

या दोघांचं जमलं होतं तेही गुहांमध्ये. बाकीची पोरं किल्ल्यांवर जायची, फोटो काढायची. हे दोघं मेणबत्त्या, टेप आणि वही घेऊन सह्याद्रीतल्या गुहा मोजत बसायचे. वटवाघळांच्या वासात आपलं लग्न ठरलं, असं प्रताप चारचौघांत सांगायचा आणि विद्या त्याला चिमटा काढायची. गेल्या सोळा महिन्यांत तो चिमटा काढायला प्रताप समोर आला नव्हता.

इटलीची कल्पना त्याचीच. तिथल्या डोंगरांत शेकडो वर्षांपूर्वी संन्यासी गुहांत राहायचे, त्यांच्या मठ्या अजून आहेत, एका मठीपासून दुसरीपर्यंत पायवाटा आहेत. तुझ्याकडे नको, माझ्याकडे नको, निम्म्या वाटेवर भेटू, असं त्याने लिहिलं. दहा दिवस पायी. कुठे मुक्काम, कुठे पाणी, कुठल्या चढावर विद्याचा गुडघा कुरकुरेल, सगळं त्याच्या किरट्या अक्षरात. ते सहा कागद विद्याने स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर चिकटवले. कपाटाला इथे सगळे प्रेसच म्हणतात, तीही म्हणायला लागली होती. चहा उकळेपर्यंत रोज ती एक पान वाचायची. तारखा पाठ झाल्या तरी वाचायची.

मे महिन्यात सगळं जय्यत होतं. इटलीचा व्हिसा पासपोर्टात. इथे परत यायचा री-एंट्री व्हिसाही पासपोर्टात. बूट घेतलेले. आणि तेव्हाच तिच्या साहेबाने, डेक्लनने, तिला बोलावलं. नळ्यांची नवीन लाइन उभी राहत होती, विद्याच्या डिझाइनवर. ती लाइन चालवायला तिला कायमचं नेमायचं होतं. फक्त इथे राहायचा लांबच्या मुदतीचा शिक्का जूनच्या आत पासपोर्टात हवा होता, आणि त्यासाठी पासपोर्ट टपालाने सरकारी कचेरीत पाठवावा लागे.

आता सांगा, पुण्यात सात वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर सह्या करत बसलेल्या बाईने काय करावं? इथे तिची स्वतःची लाइन होती. तिने डब्लिनजवळच्या चेरीवूडला राहणाऱ्या संकेतला फोन केला. संकेत सॉफ्टवेअरवाला, पण व्हिसाच्या बाबतीत डब्लिनपासून मलिंगारपर्यंतची सगळी मराठी मंडळी त्यालाच विचारायची.

"तीन आठवड्यांत येतो परत," संकेत म्हणाला. "पण विद्याताई, ट्रिप आहे ना तुमची? मी असतो तर नसता पाठवला."

"तीनच आठवडे ना? मग होईल रे."

पाठवला. प्रतापला ती एवढंच म्हणाली की शिक्का मारायला गेलाय. कसला शिक्का, किती वर्षांचा, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

तीन आठवडे झाले, चार झाले. पोस्टमन सकाळी दहाला यायचा, दारातूनच मान हलवायचा. प्रताप निघायच्या दिवशी त्याचा फोन आला. विद्या म्हणाली, "उद्या येईल रे. तू निघ. मी रोमला पोचतेच." थांब म्हणायला हवं होतं. पण त्याचा आवाज लहान मुलासारखा खूश होता, तिची जीभच उचलली नाही. प्रताप गेला. पासपोर्ट आला नाही.

मग प्रताप एकटाच चालू लागला. त्याने आरडाओरडा केला नाही, तेच वाईट. रोज संध्याकाळी सातला, मुक्कामाच्या गावातल्या कॉफीच्या दुकानातून तो कार्ड घालून फोन करायचा आणि दिवसभराची वाट सांगायचा. "अगं, आज एका मठीत शिरलो. दार इतकं बुटकं की रांगतच जावं लागतं. आत दगडात कोरलेला पलंग आणि उशाशी दिव्याचा कोनाडा. आणि छत, विद्या! चुन्याचं पाणी टपकून टपकून नुसत्या सळया झाल्यात. तू असतीस तर अर्धा दिवस मोजतच बसली असतीस."

"मोजलंस का तू?"

"टेपचं दुसरं टोक धरणार कोण?"

यावर ती हसायची. मग फोन ठेवून मोरीत नळ सोडून रडायची. उगाच शब्द कशाला फिरवायचे, तिला तो हवा होता. त्याच्या शर्टाचा घामट वास, त्याचं चढावर शिट्टी वाजवणं, सगळं हवं होतं, आणि आत्ता हवं होतं.

रविवारी ती जुनी मायक्रा काढून कीशला गेली. स्लायगोपासून अर्ध्या-पाऊण तासावर एका डोंगराच्या कपाळावर ओळीने गुहा आहेत, खालच्या रस्त्यावरूनही दिसतात. मेंढ्यांच्या लेंड्यांमधून घसरत ती वर चढली. एका गुहेच्या तोंडाशी बसली आणि खालच्या शेतांकडे बघत मोठ्याने म्हणाली, "प्रताप, इथे ये ना रे." कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा तिथे होते. ते म्हणाले, "यू'र ग्रँड, लव्ह," म्हणजे काही हरकत नाही पोरी, आणि पुढे गेले.

सहाव्या दिवशी, सोमवारी, पोस्टमन दारात उभा राहिला तो जाड पाकीट हलवत. विद्याने सही केली ती पोस्टमनच्या पाठीवर, एवढी घाई. आत पाच वर्षांचा शिक्का. इटलीचा व्हिसा जिवंत. पण री-एंट्रीच्या पानावर आडवी रेघ आणि "रद्द".

"जुन्या मुदतीवरचा होता ना, तो गेला," संकेत फोनवर म्हणाला. "नवीन घ्यावा लागेल. डब्लिनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळेल."

"मला उद्या जायचंय."

"जाऊ शकता. जायला कोणी अडवत नाही, ताई. परत येता येणार नाही. मग इंडियातून अर्ज करायचा. दोन महिने, तीन महिने. डेक्लन थांबेल तेवढं?"

डेक्लन थांबणार नव्हता. ती रजेवर गेली नाही हे बघून त्याने नव्या लाइनची तपासणी याच शुक्रवारी ठेवली होती, आणि लाइन विद्याच दाखवणार होती.

तिने विमान बघितलं. सकाळचं, डब्लिनहून रोम, जागा होती. तिने पिशवी भरली. बूट बाहेर काढले, नाड्या सैल केल्या. पासपोर्ट जॅकेटच्या आतल्या खिशात टाकला आणि खुर्चीवर बसून राहिली. दुपारभर तिने स्वतःला दोनदा पुण्याला पाठवलं आणि दोनदा परत आणलं. गंमत अशी की पुण्यात पोचल्यावर तिला लाइन आठवायची आणि लाइनवर प्रताप.

सातला फोन वाजला.

"विद्या, ऐक. मी ठरवलंय, उद्यापासून मी चालत नाही," प्रताप म्हणाला. "हे गाव छान आहे. वर मठी आहे, खाली स्टेशन. शेवटचे चार दिवस इथेच बसतो. रोमहून येणारी गाडी अकराला येते, मी रोज स्टेशनवर जाऊन उभा राहतो. पासपोर्ट आला की फक्त गाडीत बस. एकच दिवस उरला असला तरी ये."

"आणि नाहीच आला तर?"

"तर नाही आला. तुझा काय दोष त्यात?"

तो ओरडला असता, टाकून बोलला असता, तर कदाचित विद्या सगळं बोलून मोकळी झाली असती. किंवा सरळ पिशवी उचलून बसस्टँडवर गेली असती. तिने खिशावर हात ठेवला. पासपोर्ट हाताला लागत होता.

"आला का गं आज पोस्टमन?" प्रतापने विचारलं.

"आला होता," ती म्हणाली. "पासपोर्ट नाही आला."

"बरं. मग उद्या बघू."

तो खरंच थांबला. चारही दिवस, अकराच्या गाडीला.