नकाशात नसलेला झरा

बहारीनच्या आमच्या किनाऱ्यालगत, छातीभर खाऱ्या पाण्याच्या तळाशी, गोड्या पाण्याचा एक झरा आहे. आमच्या सात पिढ्यांची तहान त्याने भागवली. तो बुजवून तेथे हॉटेल उभारावे, असे एका कंपनीने ठरवले आणि आपला इंजिनिअर पाठवला.

"हाजी, नकाशात इथे नुसता समुद्र आहे," इंजिनिअर म्हणाला.

"नकाशाला तहान लागत नाही रे बाबा," माझे काका हाजी मकी म्हणाले. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने कातडी पखाल घेऊन बुडी मारली, झऱ्याच्या तोंडाशी ती भरली आणि वर येऊन पेला पुढे केला.

इंजिनिअर प्यायला. "अरे, हे तर गोड आहे!"

"मग आता तू आमचा पाहुणा झालास. ज्याचं पाणी प्यावं, त्याच्या घरात माती टाकायची नसते. तुझ्या आईनं शिकवलं असेलच की!"

त्याने मान खाली घातली, नकाशा गुंडाळला आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

आठवड्याने वाळूचे ट्रक आले, सोबत दुसरा इंजिनिअर. काकांनी त्याच्यापुढेही पेला धरला. कंपनीने त्याला बजावूनच पाठवले असावे. त्या निर्लज्जाने आमच्या पूर्वजांचे ते जल हाताने बाजूला सारले, आपल्या बाटलीचे बूच उघडले आणि घोट घेता घेताच पहिल्या ट्रकला खूण केली.