पारड्यात पडलेली डाळ

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे आणि स्वस्थ बसणे मला कधी जमले नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी माझी दांडी हलते, पारड्यावर माशी बसली तरी काटा चळतो. शहाद्याच्या इद्रिस लोहाराने मला घडवले, तेव्हाच तो वैतागून म्हणाला होता, "हाई एक जागे ठरतच नही." मग पुन्हा पुन्हा कानस मारून त्याने माझी दोन्ही पारडी सारखी केली आणि मला नंदुरबारच्या गफूरभाईंच्या हाती दिले.

गफूरभाईंचे किराणा दुकान होते. साऱ्या बाजारात त्यांचा एका गोष्टीसाठी लौकिक होता. गिऱ्हाइकाच्या पारड्यात एकदा पडलेला दाणा ते परत काढत नसत. जास्त पडले तर समोर वजन चढवून किती झाले ते बघत आणि जास्तीचे हसत देऊन टाकत. त्यांचे वडीलही असेच करीत. मला या गोष्टीचा भारी अभिमान होता, उगीच खोटे कशाला बोलू?

त्यांची मुलगी साबिरा चौदा वर्षांची होती. माझ्या शेजारी बसूनच ती मोठी झाली. तोंडी हिशेबात तिचा हात कोणी धरत नसे. तिला शिक्षिका व्हायचे होते आणि त्या प्रशिक्षणाच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा धुळ्याला होती. बऱ्याच विनवण्यांनंतर गफूरभाई कबूल झाले, पण एका अटीवर. "एकच डाव, बेटी. पास व्हयनी ते जाय. नही ते निकाह लाई देसू." १९३४ साल होते आणि परीक्षेला दहा दिवस उरले होते.

नवल मास्तर दुपारी दुकानाच्या ओट्यावर तिला आणि आणखी तीन मुलांना समीकरणे शिकवीत. मुले रडतखडत का होईना, सोडवू लागली. साबिराचे मात्र एकही उत्तर जुळेना. 'क्ष अधिक तीन बरोबर अकरा' असे मास्तरांनी लिहिले की ती झटकन 'चौदा' लिहून मोकळी! मास्तर पुन्हा सांगत, ती पुन्हा चौदा लिही. दहाचे सात दिवस झाले, साताचे चार. मला राहवेना, पण तागडीला तोंड कुठे असते? मी नुसती खुंटीवर झुलत राहिले.

शेवटी मास्तरांनी मला खुंटीवरून काढून ओट्याच्या वाशाला टांगले. एका पारड्यात त्यांनी तांदळाची बांधलेली पिशवी ठेवली आणि वर तीन छटाक मोकळी डाळ ओतली. दुसऱ्या पारड्यात अच्छेर, अदपाव आणि छटाक अशी वजने ठेवली. आठ, दोन आणि एक, म्हणजे अकरा छटाक. माझा काटा कसाबसा मधोमध आला.

"ही पिशवी म्हंजे क्ष. आते तिले एकली कर," मास्तर म्हणाले. "डाळ काढ आन तितलंच वजनबी काढ."

साबिराचा हात पारड्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने हात मागे घेतला आणि समोर तीन छटाकांचे वजन आणखी चढवू लागली.

"काढ ना, पोरी."

"पारडामा पडनं ते गिऱ्हाइकनं, मास्तर. ते काढतस नही."

मास्तर कपाळाला हात लावून बसले. आता कुठे त्यांना चौदाचे कोडे उलगडले. त्यांनी समजावले, "अवो, आठे ओटावर गिऱ्हाइक नही शे." तिला ते पटत होते, पण हात ऐकत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

गल्ल्यावरून गफूरभाई हे सारे बघत होते. समोर भिकुबाई ज्वारीसाठी उभ्या होत्या, मागे आणखी चारपाच माणसे होती. गफूरभाई उठले, ओट्यावर आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या पारड्यात हात घातला. मूठभर डाळ बाहेर काढली, मग उरलेलीही काढली. मी अशी हिंदकळले की पिशवी खाली पडते की काय असे वाटले.

"गफूरभाई, हाई काय करतस?" भिकुबाईंनी विचारले.

"पोरले शिकाडस," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मग साबिराला म्हणाले, "आते तू वजन काढ, बेटी."

साबिराने अदपाव आणि छटाक उचलले. पिशवीसमोर एकटे अच्छेर राहिले. "आठ," ती हळूच म्हणाली. त्या दुपारी तिने पाटी भरून समीकरणे सोडवली. बाजारात मात्र आठवडाभर कुजबुज चालली, की गफूर आता पारड्यातून काढू लागला. गफूरभाईंनी ती मुकाट्याने सोसली. मला तर रागाने दांडी आपटावीशी वाटे.

साबिरा पास झाली. आगगाडीत बसून शिकायला धुळ्याकडे गेली. ती गेल्यावर गफूरभाई वजन करताना मध्येच थांबत, रस्त्याकडे बघत आणि मी त्यांच्या हातात लोंबकळत राही. गिऱ्हाईक खाकरले की मग त्यांना भान येई.

तिची पत्रे मास्तर वाचून दाखवीत. एका पत्रात तिने अब्बांसाठी गणित घातले होते: 'क्ष अधिक पाच बरोबर बारा.' मास्तर सांगायला लागले, पण गफूरभाईंनी त्यांना हातानेच थांबवले. मला वाशाला टांगले. एका बाजूला पिशवी आणि पाच छटाक डाळ, दुसऱ्या बाजूला बारा छटाक. पिशवीत ते चिमूट चिमूट तांदूळ घालत राहिले, तेव्हा कुठे माझा काटा मधोमध आला. मग त्यांनी डाळ काढली, पाच छटाकांचे वजन काढले आणि उरलेली वजने बोट ठेवून मोजली.

"लिखा, मास्तर. सात." मग पिशवी पारड्यातून उचलत ते म्हणाले, "आन लिखा, तू घर कव्हय येशी?"

मित्रांनो, माझ्या पारड्यांना आता गंज चढला आहे. जमले तर थोडे तेल लावा. पण तुमच्यापैकी कोणी शिकायला परगावी असेल आणि घरून असे पत्र आले असेल, तर माझे राहू द्या, आधी त्याचे उत्तर लिहा.