जावयाची शिकवणी

विद्यार्थी असता तर मास्तरांनी त्याला केव्हाच बाकावर उभं केलं असतं. पण हा पडला जावई, आणि जावयावर डाफरायची सोय नसते. इंग्रजी शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने महिनाभर अहो-जाहो करत राग गिळायचा म्हणजे शिक्षाच होती.

"जावईबापू, मेंढीचा शीप लांब, जहाजाचा शिप आखूड. मेंढी म्हणा."

"शिप," जावई नम्रपणे म्हणाला.

"हे जहाज झालं."

"हो, बाबा. शिप."

"हेही जहाजच."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. कामात वाघ, पण जुनी कंपनी बंद पडल्यापासून घरी बसलेला. परदेशातली नोकरी आता फोनवरच्या इंग्रजी परीक्षेवर अडली होती, आणि फोन थोड्याच वेळात येणार होता. लेकीचा संसार एका मेंढीपाशी रुतून बसलाय, या विचाराने मास्तरांचं डोकं उठलं. ते चडफडत पाणी प्यायला गेले.

परतताना दाराआडून जावयाचा आवाज आला. "शीप." लांब, सुरेख, अगदी हवा तसा. त्यामागोमाग सीट, हीट, लीव्ह. एकही आखूड पडला नाही.

"येतंय की तुला," मुलगी म्हणाली. "मग बाबांसमोर काय होतं?"

"अगं, तेच सगळं आखूड म्हणतात. नवी कवळी बसवल्यापासून ती सुटेल म्हणून ओठ फाकवतच नाहीत. त्यांना वाटतं, आपण लांबच म्हणतोय. मी लांब म्हटलं तर त्यांची चूक काढल्यासारखं होईल."

"आणि परीक्षेत?"

"ते समोर असले की माझी जीभच वळत नाही. बघू."

मास्तरांची कानशिलं तापली. आधी जावयाचा राग आला, की नोकरी घालवील पण तोंड उघडणार नाही. मग स्वतःचा आला. जन्मभर पोरांच्या चुका काढल्या आणि स्वतःच्या तोंडातली ऐकू आली नाही.

ते आत शिरले आणि फोन वाजला. जावयाने लगबगीने समोरची खुर्ची ओढली. "बसा, बाबा. तुम्ही शिकवलंय, तुमच्यासमोरच होऊ दे."

मास्तरांना बसायचं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे शिकायला आलेला हा एकुलता एक माणूस होता.

"मी नाही बसत," ते वसकन म्हणाले. "तुमचं इंग्रजी माझ्याच्याने ऐकवत नाही."

बाहेर येऊन त्यांनी दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं. पाठोपाठ बाहेर आलेली मुलगी भडकली होती. "ऐन वेळी असं बोलायचं असतं का, बाबा?"

मास्तरांनी तिला हातानेच गप्प केलं आणि दाराला कान लावला. आत जावई न अडखळता बोलत होता. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला.