बिरोबा नावाची फाईल

रांजणगावच्या कारखान्यात बेचाळीस जणांना एकच मेल गेला: प्रगती कोळपे यांनी मशीनच्या संगणकात व्हायरस टाकला. मेल इंद्रजीत साहेबांचा. मशीनची देखभाल करणारी प्रगती त्यांच्या केबिनमध्ये शिरली ती चप्पल आपटतच.

"तुमच्या पेनड्राइव्हवर ही फाईल सापडली, 'बिरोबा'. असलं सॉफ्टवेअर असतं का कुठं?"

"मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर हाय, साहेब. दोनदा कुणीतरी उडवलं, म्हणून खंडूमामांनी देवाचं नाव दिलं. देवाला कोण डिलीट करंल?"

म्हातारे ऑपरेटर खंडूमामा दारातच उभे होते. "तवापास्नं कुणी हात लावला न्हाई. तुम्हीच पहिले."

"ते असू द्या," साहेब म्हणाले. "माफीनामा लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

प्रगतीला आईचं गाणं आठवलं. कारेगावच्या खोलीत तिची आई गिताबाई अजून गाते: मेंढीला माझ्या गेरू लावा, गळ्यात दुसरी घंटा घाला, कोकराला काय त्याचं, कोकरू आई वळखतं. ह्या माणसानं मात्र घंटाच बघितली होती.

ती विचारल्याशिवाय खुर्चीवर बसली.

"फाईलच्या आत जे हाय, त्याचा हिशोब करून संगणक चौसष्ट अक्षरांची ओळ काढतो. हॅश म्हणतात. वरचं नाव काहीही ठेवा, ओळ तीच. आत एक टिंब हललं तर अख्खी ओळ पालटती. कंपनीनं आपल्या प्रत्येक फाईलची ओळ साइटवर टाकलीय. तुम्ही आमच्या फाईलची वाचा. मामा, कंपनीच्या ओळीवर बोट ठेवा."

तिनं दोन्ही ओळी साहेबांच्या पडद्यावर आणल्या. साहेब वाचू लागले. मामांचं काळं बोट अक्षरागणिक सरकत गेलं. चौसष्टाव्या अक्षरावर थांबलं.

"जुळलं की," मामा म्हणाले.

साहेबांनी कीबोर्ड पुढं ओढला. "बरं. मी 'गैरसमज झाला' असं कळवतो."

"गैरसमज न्हाई." प्रगतीचा आवाज खाली येत नव्हता. "मला चोर ठरवताना दोन मिनिटं आत बघावंसं वाटलं न्हाई तुम्हाला. चूक लिहा. आन् बेचाळीसच्या बेचाळीस जणांना."

साहेबांनी टाइप केलं: चूक झाली.

"कुणाची?"

साहेबांनी सगळ्यात शेवटी, कंसात, आपलं नाव घातलं.

"वर घ्या," प्रगती म्हणाली.