हार्ड डिस्कमधल्या गोदूबाई

पुष्पलताबाईंनी हार्ड डिस्कची केबल लॅपटॉपला जोडली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना आली. डिस्कमध्ये काही बिघाड असू शकतो, तपासायचा का? मागच्या वेळी कुणी डिस्क रीतसर बंद न करता ओढून काढली की अशी सूचना येते, हे त्यांना माहीत होतं. आपण ती कधीच तशी काढत नाही, हेही माहीत होतं.

त्यांनी डिस्क उघडली. वर्षांच्या क्रमाने लावलेले सहा फोल्डर जागच्या जागी होते. त्यांच्याखाली सातवा होता. नाव न दिलेला, रिकामा. बनवल्याची वेळ बुधवार, दुपारी तीन चाळीस.

बुधवारी दुपारी त्या दाताच्या डॉक्टरांकडे होत्या. मुलगा प्रणय अंधेरीला ऑफिसात. मीरा रोडच्या या घरात त्या वेळी एकटी चांदणी होती. त्यांची सून, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. ती घरूनच काम करायची.

डिस्कमध्ये गोदूबाई होत्या. घोडबंदर गावातल्या गोदूबाई, आगरी लग्नाचे विधी गाण्यांतून पार पाडणारी जुनी धवलारीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पुष्पलताबाई त्यांच्याकडे जात होत्या. समोर लॅपटॉप आणि छोटा माइक ठेवायचा आणि एकेक गाणं रेकॉर्ड करायचं. सहा वर्षांत दोनशे बारा गाणी झाली. त्यांचं पुस्तक व्हायचं होतं. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप अचानक बंद पडला आणि अकरा गाणी गेली. सात गोदूबाईंनी पुन्हा गायली, चार त्यांनाही आठवली नाहीत. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी पुष्पलताबाई बॅकअप घेत आणि डिस्क कपाटात साड्यांच्या खाली ठेवून देत.

प्रणय-चांदणीच्या लग्नात गोदूबाई शेवटच्या गायल्या. पुढच्याच महिन्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता त्या बोलत, पण घोगऱ्या कुजबुजीत. सूर गेला तो गेलाच.

पुष्पलताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चांदणी कोथिंबीर निवडत होती.

"माझ्या कपाटात कुणी गेलं होतं का गं?"

"मी गेले होते, आई. इस्त्रीच्या साड्या ठेवायला."

"कधी?"

चांदणीचा हात क्षणभर थांबला. "बुधवारी असेल."

तिने वार बरोबर सांगितला, हेच पुष्पलताबाईंना जास्त खटकलं. पुढे काही न विचारता त्यांनी फ्रीज उघडला, आत पाहिलं आणि काहीच न घेता बंद केला.

चांदणी राई गावातली. तिचा भाऊ जितेश हळदीच्या कार्यक्रमांना साउंड लावतो. गेल्याच महिन्यात एका हळदीत त्याने जुन्या गाण्याखाली ढोल घातला होता आणि पोरं त्यावर तासभर नाचली होती. पुष्पलताबाई तेव्हा लवकर घरी आल्या होत्या. आता त्यांना ते सगळं नव्याने दिसू लागलं. सहा वर्षं आपण खेपा घातल्या, एकेक शब्द उतरवला, आणि ही गाणी कुठल्या तरी मांडवात स्पीकरमधून फुटणार.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी प्रणयला बाजूला घेतलं.

"आई, तू पण ना," तो म्हणाला. "केबल हलली असेल. असं होतं."

"आणि फोल्डर?"

"चुकून क्लिक झालं असेल तुझ्याकडून."

"बुधवारी मी घरात नव्हते."

प्रणयने मोबाइलवरून नजर वर केली. "मग काय, चांदणीने चोरी केली असं म्हणतेस?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

त्या आठवड्यात त्यांनी सुनेशी जास्तच गोड बोलून पाहिलं. जितेशचं कसं चाललंय, नवीन काही करतोय का, असं सहज विचारलं. चांदणी सरळ उत्तरं द्यायची. गुरुवारी मात्र त्या वाळलेले कपडे काढायला गेल्या, तेव्हा चांदणी बाल्कनीत पाठमोरी फोनवर बोलत होती. शाळेने पुष्पलताबाईंच्या जिभेवरून कधीच पुसून टाकलेल्या आगरी बोलीत.

"न्हाय गो, त्यांना न्हाय सांगलं. नका काळजी करू."

मग तिने मागे पाहिलं. "नंतर करते," म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी पुष्पलताबाईंनी एक कागद टाइप करून घेतला. माझी सर्व गाणी मी केवळ पुष्पलता यांच्याकडे सोपवली असून ती अन्य कुणालाही देण्यात येऊ नयेत. खाली अंगठ्यासाठी जागा. शनिवारी सकाळी बॅकअप न घेताच त्या निघाल्या. वाचनालयात जाऊन येते, असं घरी सांगितलं आणि घोडबंदरची बस धरली.

गोदूबाईंचं घर खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दाराबाहेर पाच-सहा जोडी चपला होत्या. आतून गाणं ऐकू येत होतं. पुष्पलताबाई उंबऱ्याशीच थांबल्या. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ऑपरेशनच्या आधीचा, खणखणीत.

आत जमिनीवर चटई टाकलेली होती. तीन बायका, एक कॉलेजातली मुलगी आणि एक आठ-नऊ वर्षांची पोर. मधोमध मुठीएवढा स्पीकर, त्यात खोचलेला पेनड्राइव्ह. गाण्याची ओळ संपली की बायका ती ओळ मागून म्हणत होत्या. गोदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बोटाने ठेका दाखवत होत्या.

त्यांना पाहताच गोदूबाईंनी हात केला. मुलीने स्पीकर थांबवला.

"ये गो बाई. बस."

पुष्पलताबाई बसल्या नाहीत. "हे कुठून आलं?"

त्यांनी पर्समधून कागद काढला, उलगडला. "गोदूबाई, तुमची गाणी माझ्या घरातून चोरीला गेलीत. मला वाटलंच होतं. याच्यावर तुमचा अंगठा लागेल. म्हणजे पुढे कुणी..."

"चोरली न्हायत," गोदूबाई म्हणाल्या. त्यांची कुजबुज ऐकायला सगळ्यांनाच थोडं पुढे वाकावं लागलं. "मी मागली. तुज्या सुनेकडं."

"चांदणीकडे?"

"तुना फोन लावलेला. तू दातांच्या डाक्टरकडं व्हतीस, फोन घरीच ऱ्हायला व्हता. पोरीनं उचलला. तिना बोलले, माजी गानी मना पायजेत. या पोरींना शिकवाची हायत. आता माज्या गल्यातून येत न्हायत ना." त्यांनी दम घेतला. "संद्याकाली आनून दिली तिनं. मीच बोलले, सासूला सांगू नको. तिना वाईट वाटंल."

पुष्पलताबाईंच्या हातातला कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मला वाईट का वाटेल? मला विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं का?"

"इचारलं व्हतं."

"कधी?"

गोदूबाईंनी कॉलेजातल्या मुलीकडे पाहून मान हलवली. मुलीने स्पीकर पुन्हा चालू केला.

हळद दळायचं गाणं होतं, शेवटचं कडवं. पुष्पलताबाईंनी हेच गाणं लिहून काढताना दहा वेळा तरी ऐकलं होतं. सूर थांबला की त्या पुढच्या गाण्यावर जायच्या. आज थांबवायचं बटण त्यांच्या हातात नव्हतं. सूर संपला. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग गोदूबाईंचं हसू, आणि मग त्यांचा जुना, भरलेला आवाज.

"मना पन देशील ना गो, आयकाला?"

त्यावर दुसरा आवाज, घाईतला, शाळेत बोलल्यासारखा. पुष्पलताबाईंचा स्वतःचा.

"देते, देते. पुढचं म्हणा."

चटईवरच्या लहान पोरीने त्या आवाजाबरोबर तेच शब्द म्हटले. अगदी त्याच चढउतारात. तिने ते इतक्या वेळा ऐकले होते की तिला ते गाण्याचाच भाग वाटत असावेत. तिच्या आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोर गप्प झाली आणि दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहू लागली.

पुढचं गाणं सुरू झालं होतं.

"तुजी सून इचारत व्हती, ह्ये मदलं बोलनं काडून टाकू का," गोदूबाई म्हणाल्या. "मी बोलले, ऱ्हाऊं दे. ती समोर बसली म्हनून तं मी गायले."

पुष्पलताबाईंनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. कॉलेजातल्या मुलीने चटईवर जागा करून दिली, तशा त्या बसल्या. बायकांनी ओळ उचलली. दुसऱ्या ओळीत एक शब्द बायकांनी वेगळा म्हटला. आपण उतरवलेला शब्द चूक होता की काय, अशी शंका येऊन त्यांनी गोदूबाईंकडे पाहिलं. गोदूबाईंचे ओठ बायकांबरोबर हलत होते, आवाजाशिवाय.

पर्समध्ये फोन वाजला. चांदणीचा होता.

"आई, वाचनालयातच आहात ना? जेवायला थांबू का?"

"मी घोडबंदरला आहे."

"घोडबंदरला?"

"गोदूबाईंकडे," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"आई, मी सांगणार..."

"गाणं चाललंय. आत्ता बोलू नकोस."

त्यांनी फोन कानापासून काढला आणि तसाच चालू ठेवून चटईवर, स्पीकरच्या जवळ ठेवला. बायका गात होत्या. फोनचा पडदा उजळलेला होता. गाण्याची चार कडवी झाली, पाचवं सुरू झालं, तरी पलीकडून कुणी फोन ठेवला नव्हता.