जाताना सोळा तास, येताना चौदा

अमेरिकेतून परतलो की पहिलं कीर्तन दापोड्याच्या देवळातच करीन, असं राघोबुवांनी जाण्याआधीच कबूल केलं होतं. रविवार ठरला. मी त्यांच्यामागे मृदंग वाजवतो, म्हणून फोन मलाच आला.

"शनिवारी न्यूयॉर्कला विमानात बसतो. चौदा तासांत मुंबई. रविवारी सकाळी साडेदहाला उतरतो आणि संध्याकाळी कीर्तनाला उभा."

मी हे दौलतशेठना सांगितलं. उत्सव त्यांच्याच अंगावर, आणि गोदामांचा माल नेणाऱ्या बावीस गाड्याही त्यांच्याच. त्यांनी डोळे बारीक केले.

"जाताना किती लागले होते?"

"सोळा."

"आणि किलोमीटर?"

"साडेबारा हजार म्हणाले होते."

"रस्ता तोच, मध्ये थांबा नाही. मग दोन तास गेले कुठं?" शेठ हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "एकाच रस्त्याचे ड्रायव्हर दोनदा वेगळे तास सांगायला लागला, की मी समजतो, गाडी ढाब्यावर उभी आहे. बुवांनी तिकीट काढलेलंच नाही. तोंडाला आला तो आकडा सांगितला."

तिकडच्या मंडळींनी त्यांना आणखी आठवडाभर राहायचा आग्रह केलाय, हे मीच मागे बोलून बसलो होतो. आता तोही पुरावा झाला.

शेठची थोरली बहीण आक्का तिथंच तांदूळ निवडत होती. "अरं, सरळ इचार ना त्यांना! देवाच्या मान्साला डायवर समजतोस काय?"

"विचारलं की माणूस दुसरं खोटं तयार करतो, आक्का."

मला पटत नव्हतं. पण चारशे माणसं जमणार, आणि कीर्तनाला बुवाच आले नाहीत तर गावाला तोंड कसं दाखवायचं? मी गप्प राहिलो. शुक्रवारी शेठ वज्रेश्वरीला जाऊन तिथले कीर्तनकार केसरीनाथबुवा यांना रविवारच्या कीर्तनाची सुपारी देऊन आले. विमानतळावर गाडी पाठवायची नाही, असंही ठरलं.

रविवारी दुपारी दोनला देवळापुढं टॅक्सी थांबली. राघोबुवा उतरले. पाय सुजलेले, खांद्याला पिशवी. मांडवावर केसरीनाथबुवांच्या नावाचा बॅनर.

शेठ पुढे झाले. नमस्कार बाजूलाच राहिला. "बुवा, जाताना सोळा आणि येताना चौदा, हे कसं?"

बुवांनी एकदा बॅनर पाहिला, एकदा शेठकडे. "वारा, शेठ. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. तुमची भरलेली गाडी कसारा घाट चढते आणि उतरते, दोन्हीला तास सारखेच लागतात काय?"

शेठ बॅनरकडे बघू लागले.

"बोल की आता, बावीस गाड्यांच्या मालका!" आक्का म्हणाली.

"केसरीनाथबुवांना मी नको म्हणून कळवतो," शेठ कसेबसे म्हणाले.

"सुपारी दिलीत ना? मग तेच उभे राहतील. मला टाळ द्या."

संध्याकाळी केसरीनाथबुवा दर अभंगाला मागे वळून बघत होते. एवढे मोठे बुवा टाळ घेऊन मागे का उभे, आपली चूक धरायला तर नाही, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. राघोबुवांचे डोळे मात्र मिटलेले. झोपेनं की नामानं, देव जाणे. टाळ एकदाही चुकला नाही.

आरतीनंतर शेठ पाया पडले.

"विचारायचं होतंत, शेठ," बुवा म्हणाले. "फोन तिकडंही लागतो."

शेठनी मान खाली घातली. मी मृदंगाला गवसणी घालत होतो, तिची नाडी मला बांधता येईना. नंबर तर माझ्याकडेच होता.